मारिकीता आणि तिच्या घरट्यातलं परकं अंडं

गेल्या जूनमध्ये आमच्या खिडकीसमोरच्या बदामाच्या झाडावर एक कावळी पिल्लाला भरवत होती. पिल्लू जवळजवळ तिच्याएवढं झालेलं, अंग काळं, शेपूट मात्र कावळ्याला शोभणार नाही इतकी लांब. पंख सैल सोडून थरथरवत, लालसर जबडा वासून ते ओरडत होतं. कावळीने कुठून तरी आणलेला पोळीचा तुकडा त्याच्या घशात पार खोल कोंबला, चोच फांदीवर दोनदा पुसली आणि पुन्हा उडाली. पाच मिनिटांत परत आली, या वेळी चोचीत काहीतरी ओलसर, लोंबणारं. पिल्लू कोकिळेचं होतं.

आपल्याला यात नवल वाटत नाही. कोकिळा घरटं बांधत नाही, कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, हे आपण पाळण्यात असल्यापासून ऐकतो. संस्कृतात कोकिळेला ‘परभृत’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्याने वाढवलेला. मी हा शब्द पुढे सगळ्याच अशा पक्ष्यांसाठी वापरणार आहे, कारण शास्त्रीय परिभाषेतल्या जडजंबाल शब्दांपेक्षा तो आपला आहे.

त्या दुपारी मला पडलेला प्रश्न असा होता. कोकिळा हजारो वर्षं कावळ्याच्या घरट्यात अंडी घालत आली आहे, तरी कावळे काही कमी झालेले नाहीत. मग कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावर याच उद्योगापायी एका पक्ष्याची अख्खी जात पंचवीस-तीस वर्षांत संपायच्या काठावर कशी गेली? त्या पक्ष्याची गोष्ट नीट समजून घेतली तर परभृत आणि यजमान, म्हणजे ज्याच्या घरट्यात तो वाढतो तो पक्षी, यांच्यातला सगळा हिशोब उलगडतो. म्हणून आज तिच्याबद्दल.

तिचं तिथलं स्पॅनिश नाव मारिकीता. काही लोक तिला ‘कापितान’ही म्हणतात. हे नाव पडलं त्याचं कारण पक्षी पाहिला की लगेच कळतं. साळुंकीपेक्षा किंचित लहान, वीस-बावीस सेंटिमीटरचा, नखशिखान्त चकचकीत काळा पक्षी, आणि दोन्ही खांद्यांवर पिवळाधमक पट्टा. गणवेशावर हुद्द्याची पट्टी असावी तसा. फिलिप स्क्लेटर या इंग्रज पक्षितज्ज्ञाने १८६२ मध्ये या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. आज तिचं शास्त्रीय नाव अ‍ॅगेलायस झँथोमस. झँथोमस म्हणजे पिवळ्या खांद्याचा, आणि अ‍ॅगेलायस या ग्रीक शब्दाचा अर्थ कळपाने राहणारा. तिचा स्वभाव तिच्या नावातच नोंदवलेला आहे, आणि हा स्वभाव पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

इंग्रजीत या पक्ष्यांना ब्लॅकबर्ड म्हणतात आणि त्यामुळे घोटाळा होतो. युरोपातला ब्लॅकबर्ड आणि आपल्या सह्याद्रीत शीळ घालणारा ब्लॅकबर्ड हे कस्तूर कुळातले. अमेरिका खंडातले ब्लॅकबर्ड वेगळ्याच कुळातले आहेत आणि त्या कुळातला एकही पक्षी मूळचा आपल्याकडचा नाही. रंग काळा म्हणून आपल्या कोतवालाशी नातं जोडू नये. मारिकीताची सगळ्यात जवळची बहीण क्युबात आणि हैतीच्या एका लहानशा भागात राहते. मारिकीता स्वतः मात्र फक्त पोर्तो रिकोची, आणि त्याच्या पश्चिमेला साधारण पासष्ट किलोमीटरवर असलेल्या मोना नावाच्या छोट्या बेटाची. पोर्तो रिको आपल्या रत्नागिरी जिल्ह्यापेक्षा जरासंच मोठं आहे. या पक्ष्याला जगात तेवढीच जागा आहे.

राहते ती किनाऱ्याला धरून. खाडीच्या तोंडाशी आणि किनाऱ्यापासून थोड्या आत समुद्रात कांदळवनाची बेटं असतात. तिथला मुख्य वृक्ष म्हणजे आपल्या कोकणातल्या कांदळाचा चुलतभाऊ, तशाच कमानीसारख्या मुळांवर चिखलात उभा राहिलेला. मारिकीता या झाडांवर एकमेकींच्या शेजारी घरटी बांधतात. आपल्याकडे बगळ्यांची किंवा सुगरणींची वसाहत असते तसंच. नर आणि मादी दिसायला सारखे, दोघांच्याही खांद्यावर पिवळा पट्टा. जोडी बहुधा एकनिष्ठ असते. नर घरट्याच्या आजूबाजूच्या थोड्याशा जागेवर हक्क सांगतो, खाण्याच्या जागा मात्र सगळ्यांच्या. सकाळी थवेच्या थवे कांदळवनातून उठून आतल्या कोरड्या झुडपी रानात आणि कुरणांवर जातात आणि संध्याकाळी परत येऊन एका ठिकाणी रात्र काढतात. पक्षी बघणाऱ्या मराठी मंडळींना ‘रातथारा’ हा शब्द ठाऊक असेल, तोच इथे चपखल बसतो.

तिची खाण्याची एक लकब आहे. ती बंद चोच झाडाच्या सालीच्या फटीत किंवा पानांच्या गुंडाळीत खुपसते आणि आत गेल्यावर चोच उघडते. उघडताना फट रुंदावते आणि आत दडलेला पतंग किंवा नाकतोडा तिला दिसतो. पक्षी चोच मिटून भक्ष्य पकडतो असं आपण समजतो, तर हिच्या जबड्याची सगळी ताकद चोच उघडण्यात असते. किडे हे मुख्य अन्न, पण ती फळं खाते, फुलांतला मध पिते आणि माणसांजवळ जायला बिचकत नाही. गुरांचं खाद्य, शिजलेला भात, साखर, सगळं चालतं. ला पार्गेरा या मच्छीमारांच्या गावाजवळच्या बेटांवर पूर्वी संशोधनासाठी ऱ्हीसस माकडं ठेवलेली होती. ऱ्हीसस म्हणजे आपल्या उत्तर भारतातलं लाल तोंडाचं माकड. त्यांच्यासाठी ठेवलेल्या खाद्यावरही मारिकीता ताव मारायच्या.

कळपाने राहण्याचे फायदे उघड आहेत. शंभर डोळ्यांपैकी दोन डोळ्यांना तरी शत्रू आधी दिसतो. ससाणा आला की दहा-वीस जणी मिळून त्याच्यावर तुटून पडतात. एकीला कुठे भरपूर किडे सापडले की बाकीच्यांना तिच्या मागे जाता येतं. या बेटावर हजारो वर्षं हे सगळं उत्तम चालू होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत किनाऱ्यालगतच्या सखल भागात मारिकीता सगळीकडे दिसायची.

आता दुसऱ्या पक्ष्याकडे वळू. त्याचं नाव काउबर्ड. गुरांच्या पायाशी फिरून उठणारे किडे टिपतो म्हणून हे नाव, आपल्या गायबगळ्यासारखंच. दक्षिण अमेरिकेतली ही जात चकचकीत काउबर्ड म्हणून ओळखली जाते. नर जांभळट झाक असलेला काळा, मादी मळकट तपकिरी, डोळ्यांत न भरणारी. हाही त्याच अमेरिकन ब्लॅकबर्डांच्या कुळातला, म्हणजे मारिकीताचा नातलगच. पण हा परभृत आहे. घरटं बांधणं याच्या रक्तातच नाही. दोनशेहून जास्त जातींच्या घरट्यांत याची अंडी सापडलेली आहेत. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दक्षिण अमेरिका आणि त्रिनिदाद हे त्याचं मूळ घर. विसाव्या शतकात तो एकेक बेट ओलांडत उत्तरेकडे सरकला. काही ठिकाणी माणसांनी पिंजऱ्यात नेला असेल, पण बराचसा स्वतःहून आला. आला, कारण वाट मोकळी झालेली होती. काउबर्डला घनदाट रान मानवत नाही. त्याला कुरण हवं, शेत हवं, गुरं हवीत. कॅरिबियन बेटांवर शतकानुशतकं उसासाठी आणि गुरांसाठी जंगल तोडलं गेलं. पोर्तो रिकोत तर १९४० च्या दशकात जेमतेम सहा टक्के जंगल उरलं होतं. समुद्रापलीकडून येणाऱ्या काउबर्डला ते बेट ताट वाढून ठेवल्यासारखं दिसलं असणार. १९५० च्या दशकात तो तिथे पोचला. तिथून पुढे १९७२ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिक, १९८० च्या दशकात क्युबा आणि १९८५ मध्ये थेट अमेरिकेतलं फ्लोरिडा.

त्याचा हिशोब मारिकीताला चुकता करावा लागला. १९७० च्या दशकात विल्यम पोस्ट आणि जेम्स वायली या दोन पक्षिशास्त्रज्ञांनी पोर्तो रिकोत मारिकीताची घरटी मोजायला आणि तपासायला सुरुवात केली. तेव्हा साधारण २,४०० पक्षी शिल्लक होते आणि नैर्ऋत्य किनाऱ्यावर त्यांनी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक घरट्यात काउबर्डची अंडी होती. १९७६ मध्ये अमेरिकी सरकारने मारिकीताला संकटग्रस्त जातींच्या यादीत घातलं. पुढच्या पाच-सहा वर्षांत नैर्ऋत्येकडची मुख्य वस्ती सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे काही शेकडा पक्षी उरले होते.

एका घरट्यात नेमकं काय घडतं ते जवळून पाहू. कांदळाच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात वाटीएवढं घरटं, आत तीन अंडी, फिकट हिरवट-निळी आणि वर तपकिरी ठिपके. मारिकीताची मादी अजून पूर्णवेळ बसायला लागलेली नाही, एखाद-दुसरं अंडं घालायचं राहिलंय. नर खाण्याच्या शोधात गेलाय, तीही थोड्या वेळासाठी उडते. जवळच्या झाडावर काउबर्डची मादी गप्प बसून हे सगळं पाहत असते. ही पाळत ती दिवसचे दिवस ठेवते. घरटं रिकामं दिसलं की येते, काही क्षणांत आपलं अंडं घालते आणि जाताना किंवा त्याआधीच्या फेरीत घरट्यातल्या अंड्यांना चोचीने भोकं पाडते. फुटलेलं अंडं उबवून काही उपयोग नसतो. पुष्कळदा एकाच घरट्यात दोन-तीन वेगवेगळ्या काउबर्ड माद्या अंडी घालून जातात आणि प्रत्येक जण आधीच्या अंड्यांना टोचून जाते. मारिकीता परत येते आणि जे आहे त्यावर बसते. परकं अंडं ती बाहेर टाकत नाही. काउबर्डचं पिल्लू अकरा-बारा दिवसांत, म्हणजे मारिकीताच्या पिल्लांच्या थोडं आधी, बाहेर येतं आणि त्या एका दिवसाच्या आघाडीवर सगळ्यात मोठ्याने ओरडून सगळ्यात जास्त खातं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. युरोपातल्या कोकिळेचं पिल्लू यजमानाची अंडी पाठीवर घेऊन घरट्याबाहेर ढकलतं, त्याच्या चित्रफिती बहुतेकांनी पाहिलेल्या असतात. काउबर्डचं पिल्लू असं करत नाही. आकाराने दोन्ही पक्षी जवळपास सारखे असल्यामुळे मारिकीताचं एखादं पिल्लू त्याच्यासोबत जगूही शकतं. खरं नुकसान अंड्यांच्या पातळीवर होतं, त्या भोकांमुळे. उबवायला अंडंच उरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. कावळा का टिकला?

पहिली गोष्ट काळाची. कोकिळा आणि कावळा यांची ओळख फार जुनी आहे. कावळा कोकिळेला ओळखतो, दिसली की तिच्या मागे लागतो, हे तुम्ही कुठल्याही मे महिन्यात कुठल्याही सोसायटीच्या आवारात पाहू शकता. कोकिळेला अंडं घालायला जी लपवाछपवी करावी लागते ती याच पहाऱ्यामुळे. दोघांचं एकमेकांवर लक्ष असतं, एक सवाई झाला की दुसरा दीडपट होतो, आणि पिढ्यानपिढ्या असं चालल्यावर कुणीच पूर्ण जिंकत नाही. पोर्तो रिकोत मारिकीताच्या आयुष्यात परभृत पक्षी कधी नव्हताच. तिथे कोकीळ कुळातले पक्षी आहेत, कांदळवनातला कोकीळही आहे, पण ते सगळे स्वतःची घरटी बांधून स्वतःची पिल्लं वाढवतात. ससाण्यावर तुटून पडणारी मारिकीता काउबर्डच्या मळकट मादीला धोका समजेल असं तिच्या पूर्वजांच्या अनुभवात काहीच नव्हतं. घरट्यातलं अंडं आपलंच असणार, यात शंका घ्यायची गरज तिला लाखो वर्षं पडली नाही.

ही शंका घेण्याची ताकद कशी येते आणि कशी जाते, याचं एक सुंदर उदाहरण शेजारच्याच बेटावर आहे. आपल्या सुगरणीचा एक आफ्रिकी भाऊबंद, गावठी सुगरण म्हणू या त्याला, पश्चिम आफ्रिकेतून हिस्पॅनिओला बेटावर (हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक याच बेटावर आहेत) नेला गेला, बहुधा गुलामांच्या व्यापाराच्या काळात अठराव्या शतकात. आफ्रिकेत या सुगरणीच्या मागे एक परभृत कोकीळ हात धुऊन लागलेला असतो. त्यावर सुगरणीचा उपाय असा: प्रत्येक मादी आपल्या ठरलेल्या रंगाची आणि नक्षीची अंडी घालते, एकीची पांढरी, दुसरीची निळसर, तिसरीची हिरवट ठिपक्यांची. एका घरट्यातली सगळी अंडी हुबेहूब सारखी, पण शेजारणीच्या अंड्यांपेक्षा वेगळी. सही असते तशी. त्यामुळे परकं अंडं लगेच उठून दिसतं आणि ती ते टाकून देते. हिस्पॅनिओलात तो कोकीळ नव्हता. डेव्हिड लाहटी या शास्त्रज्ञाने २००५ मध्ये दाखवून दिलं की अशा बेटांवर, जिथे कोकिळेचा धाक उरला नाही तिथे, या सह्या पुसट झाल्या. एका घरट्यातली अंडी एकमेकांपासून वेगळी दिसू लागली आणि दोन माद्यांच्या अंड्यांतला फरक कमी झाला. जेमतेम दोन-अडीचशे वर्षांत. मला हे वाचल्यावर थोडं हलल्यासारखं झालं होतं. पहारा ठेवायलाही जिवाला काहीतरी खर्च करावा लागतो आणि चोर येईनासा झाला की तो खर्च गळून पडतो. मारिकीताच्या बाबतीत तर पहारा कधी उभाच राहिलेला नव्हता.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि सहसा सांगितली जात नाही ती हीच. आपल्याकडची कोकिळा बऱ्याच अंशी कावळ्यावर अवलंबून आहे. कावळे कमी झाले तर तिला अंडी घालायला घरटी मिळणार नाहीत आणि तीही कमी होईल. ती कमी झाली की कावळ्यांना पुन्हा सवड मिळेल. हा तराजू आपोआप सावरतो. ज्या सावकाराचं सगळं उत्पन्न एकाच गावातून येतं त्याला ते गाव उठवून चालत नाही. काउबर्ड हा दोनशे गावांचा सावकार आहे. मारिकीताची शेवटची जोडी संपली तरी त्याचं काही अडत नाही. पिवळ्या वटवट्याच्या घरट्यात, आणखी कुणाकुणाच्या घरट्यात त्याची पिल्लं वाढतच राहतात, आणि कुरणांवर खायला भरपूर असतं. मारिकीता जितक्या कमी होतात तितकं उरलेल्या प्रत्येक घरट्यावरचं संकट वाढत जातं, कारण काउबर्डची संख्या मारिकीताच्या संख्येवर ठरतच नाही. एखाद्या जातीला पार शून्यापर्यंत नेऊ शकणारा परभृत असाच असतो: ज्याचं पोट त्या जातीवर नाही.

आणि तिसरी गोष्ट, तिचा कळप. एकेकट्या घरट्याची जागा शोधायला काउबर्डला कष्ट पडतात. वसाहतीत एक घरटं सापडलं की वीस सापडतात. मारिकीता खायला लांब जातात, तेवढा वेळ घरटी उघडी असतात. ज्या सवयीने तिला ससाण्यापासून वाचवलं तीच या नव्या शत्रूच्या पथ्यावर पडली. ती सवय वाईट म्हणता येणार नाही. ज्या जगासाठी ती घडली होती ते जग बदललं, एवढंच.

इथे काउबर्डला खलनायक ठरवायचा मोह होतो. मला तो पटत नाही. तो हजारो वर्षं जे करत आला तेच करतोय. आपल्या ओळखीच्या कावळ्याचंच बघा ना. १८९० च्या दशकात तो झांझिबारला नेला गेला, कचरा साफ करायला, आणि तिथून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पसरून तिथल्या लहान पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त करतोय. आपल्याकडे पिंडाला शिवावा म्हणून ज्याची आपण वाट पाहतो तोच हा पक्षी. बेटाची घडी मोडली ती ऊस आणि कुरणांनी, काउबर्ड त्या मोडलेल्या जागेतून आत आला.

अर्थात काउबर्ड हे एकच कारण नव्हतं. उंदीर अंडी खातात. पाणथळ जागा बुजवून आणि कांदळवन तोडून घरं, हॉटेलं झाली. पांढरट डोळ्यांचा थ्रॅशर नावाचा एक दांडगा पक्षी बेटावर आहे, तो अंडी पळवतो. घरट्यात गोचिडांसारखे बारीक जीव होतात, पिल्लांना देवीसारखा आजार होतो. पण आधीच वाकलेल्या जातीच्या पाठीवर शेवटचं आणि सगळ्यात जड ओझं पडलं ते परक्या अंड्यांचं, याबद्दल फारसा वाद नाही.

मग उपाय काय केला? दोन साध्या गोष्टी, आणि दोन्ही हाताने करायच्या.

पहिली, काउबर्ड पकडणं. तारेच्या जाळीचा खोलीएवढा पिंजरा कांदळवनाजवळ उभारायचा, आत धान्य आणि पाणी ठेवायचं आणि चार-पाच जिवंत काउबर्ड सोडायचे. वर जाळीत अरुंद फट. काउबर्डलाही सोबत लागते. आतले पक्षी पाहून बाहेरचे उतरतात, पंख मिटून फटीतून आत पडतात, आणि पंख उघडून त्याच फटीतून वर जाता येत नाही. चुकून आलेली मारिकीता किंवा दुसरा पक्षी असेल तर सोडून द्यायचा. काउबर्ड मारायचे. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण मला दुसरा मार्ग दिसत नाही, आणि या मोजणीत मी मारिकीताच्या बाजूला आहे.

दुसरी, घरट्यांसाठी तयार जागा. मारिकीता झाडाच्या ढोलीतही घरटं करते, हे लक्षात घेऊन कांदळवनात खांबांवर पेट्या बसवल्या गेल्या. त्यात उंदीर चढू नये म्हणून खांबाला पत्र्याचं कवच. घरटी एका ठिकाणी असल्यामुळे माणसांना ती तपासता येतात आणि परकी अंडी काढून टाकता येतात. तिच्या कळपाने राहण्याचा फायदा इथे पहिल्यांदाच माणसांना झाला: सगळ्या जणी एकत्र असल्यामुळे त्यांना राखताही आलं. बोकेरॉनच्या राज्य वनात आणि आजूबाजूच्या किनाऱ्यावर पोर्तो रिकोचं निसर्गसंसाधन खातं आणि अमेरिकेची मत्स्य व वन्यजीव सेवा १९८० च्या दशकापासून हे काम करत आलेत. परक्या अंड्यांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं आणि मारिकीताची संख्या सावकाश वर सरकली.

याला बरी झालेली जात म्हणायचं का? मी म्हणणार नाही. पिंजरे काढले तर काय होईल हे सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात कर्टलंडचा वटवट्या नावाचा छोटा पक्षी अशाच संकटात होता, दुसऱ्या जातीच्या काउबर्डमुळे. तिथे १९७२ पासून पिंजरे लावले गेले, पक्षी वाढले, २०१९ मध्ये तो संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला आणि पिंजरे थांबवल्यावरही परकी अंडी फारशी दिसली नाहीत, कारण त्या भागात काउबर्डच विरळ झाले होते. पोर्तो रिकोत ही शक्यता कमी वाटते, कुरणं आहेत आणि काउबर्डही आहेत. शिवाय जवळजवळ सगळी जात एका किनाऱ्याच्या आधाराने जगते. पूर्वेकडे सेइबा इथल्या नौदलाच्या तळावर असलेली मारिकीतांची वस्ती जवळजवळ संपली. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया चक्रीवादळ बेटावरून आडवं गेलं तेव्हा कांदळवनांची पानं एका दिवसात झडून गेली. अशी दोन-तीन वादळं पाठोपाठ आली तर पिंजऱ्यांचा काय उपयोग?

मोना बेटावर मात्र चित्र वेगळं आहे. तिथे कुरणं नाहीत, उसाचे मळे नाहीत, सत्तावन्न चौरस किलोमीटरचं कोरडं चुनखडीचं पठार आणि बहुतेक बाजूंनी समुद्रात तुटलेले कडे. मोनाच्या मारिकीता या कड्यांच्या कपारींत घरटी करतात, खाली लाटा आदळत असतात. काउबर्ड तिथे क्वचितच पोचतो आणि पोचला तरी त्याला टिकायला काही मिळत नाही. तिथल्या मारिकीता आजही घरट्यातलं प्रत्येक अंडं आपलंच समजून उबवतात, आणि ते बहुतेक वेळा त्यांचंच असतं.

मुख्य बेटावर एप्रिलच्या आधी पेट्या उतरवून साफ करायच्या, जुनं कुजलेलं गवत काढायचं, पत्र्याची कवचं घट्ट बसवायची आणि पिंजऱ्यात ताजं धान्य ठेवायचं, असं काम असतं. पाऊस जवळ आला की मारिकीता जोड्या जमवून पेट्यांभोवती फिरू लागतात, आणि जवळच्या झाडावर एखादी मळकट तपकिरी मादी येऊन गप्प बसते.